फारसवाली आत्या

माझ्या आत्याच्या ओसरीत देवांच्या तसबिरी नव्हत्या, फजित्या होत्या. जुन्या विनोदी नाटकांतल्या प्रसंगांची रंगीत छापील चित्रं, चौकटी करून ओळीनं लावलेली. एकात अधू डोळ्यांचा वैद्य पलंगाच्या खुराची नाडी बघतोय. दुसऱ्यात जावई धान्याच्या कोठीत लपलाय आणि सासू नेमकी झाकणावर बसलीये. तिसऱ्यात लग्नाच्या पंगतीत गडी कढत कढीच्या पातेल्यासकट उताणा पडलाय. असल्या नाटकांना जुनी माणसं फार्स म्हणत, म्हणून आमच्या सोनई गावात आत्याचं नाव पडलं फारसवाली.

चित्रं तिच्या यजमानांनी हौसेनं आणलेली. ते गेले, मूलबाळ नव्हतं. रोज सकाळी आत्या फडक्यानं काचा पुसायची आणि चित्रातल्या सासूला दटावायची, "ऊठ की गं बाई, जावई गुदमरला!" एकदा शेजारची म्हातारी त्या वैद्याला कुणी महाराज समजून पाया पडली. मी सांगायला गेले, तर आत्यानं मला चिमटा काढला. "पडू दे. वैद्यच हाय त्यो. गुडघ्याला गुण आला तर आला."

"मानूस कशाला हसतंय ते आदी बघावं," असं ती म्हणायची. "नोकरी मागून इचारावी."

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मला नगरचं स्थळ आलं. मुलगा ओव्हरसियर. आमचं घर दोन खोल्यांचं, म्हणून बघण्याचा कार्यक्रम आत्याच्या ओसरीत ठेवला. मी पोहे घेऊन आले तेव्हा मुलगा पडलेल्या गड्याच्या चित्रासमोर उभा राहून पोट धरून हसत होता. "भाजला बघा कसा! बरी जिरली!"

पाहुणे गेल्यावर आत्या वडिलांना म्हणाली, "भाऊ, हितं पोर द्यायची न्हाई."

"चित्राला हसला म्हणून ओव्हरसियर घालवायचा व्हय?" वडील कडाडले.

दुसऱ्या दिवशी आत्यानं मध्यस्थाला परस्पर सांगून टाकलं, "पोरगी लई गुणाची, पण झोपंत चालती." स्थळ मोडलं. वडिलांनी बहिणीशी कामापुरतं सोडून बोलणं टाकलं.

पुढच्या वर्षी पारनेरचे एक शिक्षक बघायला आले. ओसरी आत्याचीच लागली. वडील तिच्याकडे पाठ करून बसले. शिक्षकांनी सगळी चित्रं बारकाईनं बघितली, पण हसू म्हणून नाही. आत्याचा चेहरा पडला. निघताना मात्र ते तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "आत्याबाई, ह्या कोठीला भोक दिसत नाही. जावई श्वास घेतो कुठून?" आत्यानं तोंडात पदर कोंबला, तरी हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी आलं. त्याच शिक्षकांशी माझं लग्न झालं.

सासरी निघायच्या दिवशी ती मला तयार करत होती. मी विचारलं, "आत्या, त्या ओव्हरसियरचं तुला एवढं काय खुपलं?"

"आमचं मालक बी त्याच गड्याला हसायचं," माझा पदर नीट करत ती म्हणाली. "माझ्या हातनं काय सांडलं तरी तसंच हसायचं. आन् मग मारायचं." मग म्हणाली, "चित्रं वाईट न्हाईत गं. ते गेल्यावर एकटीनं बघितली, तवा कुठं मला हसू आलं."

दोन वर्षांनी आत्या गेली. वडील शेवटपर्यंत तिच्याशी कामापुरतंच बोलले. दहाव्याला मी त्यांना हे सगळं सांगितलं.

"थोरली बहीन माझी," ते म्हणाले. "मला कवा यातलं काय बोलली न्हाई."

मग त्यांनी मान खाली घातली.

"म्या तरी कवा इचारलं?"