पाठीमागचा वारा

रिटायर झाल्यावर मी गंगापूर धरणावर शिडाची होडी शिकायला जायचो. शिकवणाऱ्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. कामगारांची नावं विचारायची सवय मला सातपूरच्या कारखान्यातही नव्हती.

वारा पाठीमागून आला, की तो शिडाखालच्या आडव्या दांड्याला दोरी बांधायचा, ती होडीच्या नाकाकडून फिरवून मागे आणायचा आणि करकचून आवळायचा. उजव्या हाताला अंगठा आणि दोनच बोटं होती, म्हणून गाठ दातांनी ओढायचा. मला या बांधाबांधीचा कंटाळा यायचा.

"कशाला वेळ घालवतोस? वारा मस्त आहे," मी एकदा म्हणालो.

"मस्त हाय म्हणूनच, साहेब. मागचा वारा जरा फिरला, की दांडा गर्रकन या अंगाचा त्या अंगाला येतो. डोकं मधी आलं तर फुटतं." त्यानं तोंड पुसलं. "सातपूरला पत्रा दाबायच्या प्रेसवर होतो. हात आत जाऊ नये म्हणून मशीनला जाळीचा गार्ड होता. माल कमी निघतो म्हणून साहेबांनी तो काढायला लावला. साहेब वाईट नव्हते. दिवाळीला स्वतः येऊन मिठाईचा बॉक्स द्यायचे."

कुठला कारखाना, हे मी विचारलं नाही. गार्ड मीही काढायला लावले होते आणि बॉक्सही वाटले होते.

पुढच्या रविवारी मी म्हणालो, "आज दोरी मी बांधतो." गाठ दोनदा सुटली.

"राहू द्या, साहेब," तो शांतपणे म्हणाला. "तुम्हाला सवय नाय."