जिनिंगच्या गेटावरचा भोंगा

तिकीट खिडकीत बसलं की तिकिटं कमी आणि किस्से जास्त! हिंगोलीत कयाधूच्या काठी जुनी जिनिंग होती, कापसातली सरकी काढायची. तिथं आता झाडं, पायवाटा आणि पार्क आहे. मी तिकीट फाडते, किसनमामा गेट सांभाळतात. तरुणपणी ते याच जिनिंगचा भोंगा वाजवायचे. आम्ही माणसं दोनच, पण किस्सा रोज एक तरी जमा होतोच.

आता पायवाटेचंच घ्या. ती कुठून काढावी म्हणून इंजिनिअर तीन दिवस नकाशे उलटेपालटे करत होते. शेवटी नदीवर निघालेल्या म्हशींच्या मागं मागं चुना टाकत गेले. परवा एक पुण्याचे पाहुणे म्हणाले, "ट्रेलचं डिझाइन फार सुंदर! कोणी केलं?"

मामांनी समोरून येणाऱ्या म्हशीकडं बोट दाखवलं. "ह्या मॅडमनं!"

नदीकाठी एक फलक आहे: 'बॉयलरसाठी इथून पाणी उचलत.' सहलीतल्या एका पोरीनं विचारलं, "मामा, अन् घाण पाणी कुठं सोडायचे?"

"इथंच, बाळा."

"मग बोर्डावर काहून न्हाई?"

मामांनी विटेचा तुकडा घेतला आणि खाली लिहिलं, 'अन् इथंच सोडत.' पार्कच्या साहेबांनी ते अजून वाचलेलं नाही!

माझ्या खिडकीपाशी आलं की मामा प्रत्येकाला सांगतात, "सुटीला बायांची झडती इथंच व्हायची. पदरात कापूस नेत्यात का म्हणून." हे ऐकून एका बाईंनी पर्स हळूच पाठीमागं नेली. पर्समधून आमच्याच नर्सरीतलं रोप डोकावत होतं!

एवढे हसतमुख मामा, पण संध्याकाळचे सहा वाजत आले की त्यांचा जीव टांगणीला. पार्क बंद करायची वेळ, आणि आतला एकही माणूस हलायचा नाही. मामांच्या शिट्टीवर पब्लिक नाचून रील काढायचं! साहेब म्हणाले, "सोमवारी मी स्वतः येतो. पार्क वेळेत रिकामा झाला नाही, तर एजन्सीचा तरुण गार्ड आणतो." त्या दिवशी मला डबा गोड लागला नाही.

सोमवारी मामांनी गोदामातून हातानं फिरवायचा जुना भोंगा काढला आणि सहाच्या ठोक्याला, साहेबांसमोर, वाजवला.

आतलं कुणी बाहेर आलं नाही. उलट शेजारच्या वस्तीतून जिनिंगच्या चार जुन्या कामकरणी पदर खोचून धावत आत आल्या! सगळ्यांत पुढं गयाबाई, हातात डबा. "किसन, खाडा टाकू नको रे, आले मी!"

"मामा!" साहेब ओरडले. "पार्क रिकामा करायचाय की भरायचाय?"

मामांनी कपाळावर हात मारला. "चुकलो साहेब. एक भोंगा म्हंजी कामावर या. सुटीला दोन असत्यात!"

त्यांनी दोनदा वाजवला. "सुटी झाली, चला घरला! घरचे वाट पाहून राहिले!" म्हणत त्या चौघींनी बाकावरची, झाडामागची सगळी जनता गेटाबाहेर हाकलली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मामा, उद्यापासून रोज दोनच वाजवा," म्हणाले आणि जीपमध्ये बसले. मला तर रडूच आलं.

डोळे पुसून मी कुलूप लावायला गेले. गयाबाई गेटात, माझ्या खिडकीपाशीच उभ्या होत्या, दोन्ही हात वर करून.

"मावशी, काहून थांबल्या?"

"झडती घे न, बाई," त्या म्हणाल्या. "त्याबिगर कशी जाऊ?"