निघायला लागेल तेवढा वेळ

माझ्या भावाला पोलिसांच्या हाती मीच दिलं. घरातले अजून म्हणतात, असं बोलू नको. मग कसं बोलू? निरोप मी धाडला, त्या निरोपावर तो आला, आणि माझ्याच खोलीतून त्याला धरून नेलं.

तेव्हा आपलं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. पिंपळगाव राजापासून दोन कोसांवर माझं सासर. घर गोशाचं, म्हणजे आम्ही बायका परक्या पुरुषाच्या नजरेस पडायचो नाही. देवळात जायचं तरी पडदा लावलेल्या बैलांच्या दमणीतून. माझी आई आधीच गेलेली, म्हणून पहिलं बाळंतपणही सासरीच झालं. माहेरचं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं, माझ्याहून चार वर्षांनी लहान भाऊ. आणि तो शहाणा बेचाळीसच्या चळवळीत रेल्वेच्या तारा तोडून महिनाभर फरार होता.

मुलगा झाला आणि मला भावाशिवाय काही सुचेना. माझे सासरे, आम्ही त्यांना मामंजी म्हणायचो, ओट्यावर बसून चारचौघांना छातीठोक सांगायचे, "गोशाच्या बाईच्या खोलीत पोलिसाले पाय ठेवता येत नाई. लाटसाहेब आला तरी नाई." साऱ्या गावाचा तोच समज. त्यात बाळंतिणीची खोली. तिचा उंबरा तर घरचे पुरुषही बारा दिवस ओलांडत नसत. मी कासारणीबरोबर निरोप धाडला, 'भाच्याले पाहाले ये. माह्या खोलीत तुले कोनी हात लावत नाई.' मोठी वकिलीणच की नाही मी!

आठव्या दिवशी उजाडता उजाडता तो चाऱ्याच्या गाडीतून आला आणि मागच्या दारानं माझ्या खोलीत शिरला. दाढी वाढलेली, गाल बसलेले. मी आधी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मग रडले. घरात कोणालाच पत्ता नव्हता. खबर कोणी दिली, देव जाणे.

दिवस कासराभर वर आला असेल, तोच ओट्यावर बूट वाजले. ठाणेदार, चार शिपाई आणि गावचा पोलीस पाटील. दोन शिपाई मागच्या दाराशी जाऊन उभे राहिले. मामंजींचा आवाज मला आत स्वच्छ ऐकू येत होता.

"घर पाह्यचं तं पाहून घ्या. पन ती खोली बाळंतिनीची आहे. तिथं तुमाले जाता येत नाई."

ठाणेदार आवाज न चढवता म्हणाला, "मालक, कायदा तसा नाई. धरायचा मानूस आत आहे असं समजलं तं आमाले कोनत्याई खोलीत शिरता येते. गोशाची बाई आत असली तं तिले आदी सांगा लागते, का बाई, तुमी निंघून जा, आमी वाट देतो. ती निंघाली का आमी आत. नाईच निंघाली, तं दार तोडता येते."

मामंजींनी विचारलं, "अन् निंघाले वेळ किती देता?"

"निंघाले लागन तेवढा."

म्हणजे कायदा होता, पण आम्हाला त्याचं अर्धंच माहीत होतं. आणि त्या अर्ध्यावर मी माझा सख्खा भाऊ बोलावून घेतला होता! तो तिथंच भिंतीशी बसला होता, भाचा मांडीवर घेऊन. म्हणाला, "अक्का, याचं नाक तुह्यावर गेलं वं. बिचारा!" अशा वेळी थट्टा सुचत होती मेल्याला.

दार किलकिलं करून सासूबाई निरोप सांगायला आत आल्या आणि त्यांनी त्याला पाहिलं. मला वाटलं, आता आकाशपाताळ एक करतील. सोयराची खोली, परका पुरुष, बाहेर पोलीस. त्यांनी दाराला कडी घातली आणि त्याला विचारलं, "जेवला का?"

नाही म्हटल्यावर माझ्यासाठी केलेले डिंकाचे लाडू डब्यासकट त्याच्यापुढे ठेवले. मग दाराशी गेल्या. जन्मात परक्या पुरुषाच्या कानावर त्यांचा आवाज पडला नव्हता, त्या दिवशी खणखणीत म्हणाल्या, "बाळंतिनीची अंघोळ व्हायची आहे."

"होऊ द्या," ठाणेदार म्हणाला.

खोलीतल्या मोरीत बसून सासूबाई नुसतंच तांब्या-तांब्यानं पाणी ओतू लागल्या. अंघोळ झाली. मग म्हणाल्या, शेक राहिला. शेगडी पेटली. मग धुरी राहिली. ओवा आणि शेपा टाकून असा धूर केला की आम्ही तिघंही खोकलो, आणि भावाला तोंडात उपरणं कोंबून खोकावं लागलं. बाहेर ऊन तापलं होतं. एक शिपाई कुरकुरला तेव्हा ठाणेदार म्हणाला, "माह्या घरी बी चार लेकरं झाले. बाळंतिनीची अंघोळ केवढा वेळ चालते, मले माहीत आहे." त्याला सगळं कळत होतं. त्या माणसाचा मला नीट रागही करता येत नाही, हे एक वेगळंच दुखणं.

लाडू खाता खाता भाऊ म्हणाला, "जावळाले येतो मी. माह्या मांडीवर बसवजो याले."

जावळ मामाच्या मांडीवर काढायचं, ही आपली रीत. पण मला एकदम भीतीच वाटली. मी कात्री घेतली आणि त्याच्या मांडीवरच्या आठ दिवसांच्या लेकराची एक बट कापली. सोयरात असं करत नाहीत. सासूबाईंनी पाहिलं आणि तोंड फिरवून तांब्यात पाणी घेतलं. ती बट त्याच्या तळहातावर राहिली. पुढे तिचं काय झालं, ते पाहायचं मला भानच राहिलं नाही.

निघायचं ठरलं तेव्हा सासूबाईंनी त्याला हळूच सांगितलं, "पोरीसंगं पडद्याआडून निंघ."

दोन मोलकरणी बाजूंनी चादरी धरणार, मधून मी आणि बाळ. पडदा शेजारी चुलतसासऱ्यांच्या घरापर्यंत जाणार होता, आणि त्या घरामागे डोक्याच्या वर गेलेली ज्वारी. दाराच्या फटीतून मी पाहिलं. ठाणेदारानं हुकूम दिला, "तोंडं भिंतीकडं करा," आणि सगळेच भिंतीकडे वळले. तोसुद्धा. नुसत्या पाठी दिसत होत्या.

"चाल," मी भावाचा हात ओढला.

त्यानं हात सोडवून घेतला. "नाई अक्का. आज मी या पडद्याआडून गेलो, तं उद्या कोनत्याच बाईसाठी हे लोकं पाठ फिरवनार नाईत. आदी तिचा पदर ओढून पाह्यतीन, मंग जाऊ देतीन."

"मेल्या, जाळ तुहं शहाणपन! उद्याच्या बायका घेतीन पाहून आपलं आपलं!"

"तू लेकराले सांभाळ," तो म्हणाला, आणि माझ्या पाया पडला.

मी बाहेर निघाले. ओटा उतरले, अंगण ओलांडलं. त्या पाठींतली एकही वळली नाही. शेजारच्या माजघरात पोचले तेव्हा पलीकडून त्याचा आवाज आला, "या, मी इथंच आहे." दार तोडावं लागलं नाही.

मामंजींनी त्यानंतर ओट्यावर कायदा सांगणं सोडलं. मला मात्र एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

दहा महिन्यांनी भाऊ जेलात तापानं गेला. त्याचे घरचे कपडे जेलवाल्यांनी गाठोडं बांधून पाठवले. मी ते उघडलं नाही. रागच होता मला. एवढ्या जवळ ज्वारी होती!

तिसऱ्या वर्षी मुलाचं जावळ निघालं. न्हाव्यानं विचारलं, "मामा कोनता?" एक चुलतदीर मांडी घालून बसू लागले. मी त्यांना उठवलं. आतून गाठोडं आणलं, भावाचं धोतर काढलं, ते माझ्या मांडीवर पसरलं आणि त्यावर लेकाला बसवलं.

धोतराच्या एका टोकाला गाठ होती. मला वाटलं, सुपारी असेल. दातांनी सोडवली. आत ती बट होती, आठ दिवसांच्या लेकराची, रेशमासारखी.

नणंद केस झेलायला ओटी पसरून बसली होती. सगळ्यात आधी मी ती बट तिच्या ओटीत टाकली, आणि न्हाव्याला म्हटलं, "पह्यले मामाच्या मांडीवर झाले. आता तुमी चालू करा."