सोपानराव कल्याणला निघाले

आकुर्डीच्या रेल्वे फाटकावर सोपानराव तीस वर्षं नोकरीला होते. या तीस वर्षांत मुंबईकडं जाणाऱ्या किती गाड्यांना त्यांनी हिरवं निशाण दाखवलं असेल, त्याची मोजदाद खुद्द रेल्वेनंही केली नसेल. पण स्वतः सोपानराव लोणावळ्याच्या पुढं कधी गेले नव्हते. हसू नका. हलवाई काय रोज पेढे खात बसतो?

कुठली गाडी कल्याणला किती वाजता पोचते, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. पण कल्याण दिसतं कसं, म्हणाल, तर देवाची शपथ, काही ठाऊक नाही. आणि त्याच कल्याणला त्यांनी आपली एकुलती एक लेक रंभा दिलेली. जावई ज्योतीराम तिथं कापडाच्या कारखान्यात होता. माणसं मूळची कुर्डुवाडीकडची. लग्न इथंच, फाटकापलीकडच्या मारुतीपुढं लागलं. वऱ्हाड लेकीला घेऊन गेलं तेही फाटकावरूनच. दोन वर्षं झाली, पण लेक कुठल्या खोलीत राहते, चूल कुठं मांडते, हे बापानं पाहिलं नव्हतं.

सन छप्पनच्या पावसाळ्यात कल्याणहून पत्र आलं की रंभाला दिवस गेलेत. सोपानरावांची बायको गोजाबाई हिनं त्याच दिवशी बोटांवर महिने मोजायला घेतले.

पहिलं बाळंतपण माहेरी. त्यात वाद नाही. पण पोरीनं आपली आपण पिशवी उचलून माहेरी यायचं नसतं. माहेरचा पुरुष माणूस न्यायला गेला पाहिजे, त्याला मुराळी म्हणतात. आणि आणायची ती सातव्यात. आठवा लागला की गरवार बाईनं वेस ओलांडायची नाही, हे आपल्याकडं लहान पोरींनाही माहीत. गोजाबाईच्या मोजणीनं माघातल्या पंचमीला सातवा सरत होता.

मुराळी म्हणून पहिलं नाव निघालं ते गोजाबाईच्या भावाचं, कुरुळीच्या रंगरावाचं. रंगरावाकडं निरोप गेला. रंगराव म्हणाले, "लग्नात मामाला टोपी द्यायची आठवण झाली न्हाई, आता बाळंतपणात मामा आठवला व्हय?" आता टोपी दिली होती. दिली होती हो, मी स्वतः बघितली आहे. पण ती डोक्याला लहान झाली, आणि तेवढ्यावर हा माणूस दोन वर्षं रुसून बसलेला. मानपानापुढं शहाणपण चालत नाही. राहता राहिले सोपानराव.

सोपानरावांनी मुकादमाकडं दोन दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. रेल्वेचा फुकटचा पासही निघाला. आणि बेत सुरू झाला. दुपारची मालगाडी गेली की दोघं ओट्यावर बसायची.

"उतरल्यावर काय करशीला?" गोजाबाई विचारायची.

"टेशनाच्या भाईर यीन."

"आन मग?"

"टांगेवाल्याला इचारीन, ज्योतीराम कुठं ऱ्हातो म्हून."

"अवं, त्यो टांगेवाला काय ज्योतीरामाचा मेव्हणा हाय?"

मग पत्ता पाठ करायचा. तळ्याच्या अंगाची चाळ, दुसरा मजला, जिना चढून डावीकडं तिसरी खोली. सोपानराव तो पत्ता पोरानं पाढे म्हणावेत तसा म्हणत. पुढचा प्रश्न पाण्याचा. लेकीला मूल होईस्तोवर आईबापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही रीत. तेव्हा भाकरी बांधून न्यायची, आणि तांब्या आकुर्डीच्या आडावर भरून न्यायचा.

"आन इहीणबाईंनी च्या पुढं केला तर?" सोपानरावांनी शंका काढली.

"च्या पाण्याचाच असतुया."

"निस्त्या दुधाचा केला तर?"

यावर दोघांनी दोन दिवस विचार केला. हसता हसता गोजाबाईच्या डोळ्यांना पाणी यायचं. पोर घरी येणार होती ना! तिनं कोपऱ्यातली पत्र्याची पेटी हलवून बाळंतिणीच्या बाजेला जागा केली, जुन्या लुगड्यांची दुपटी बोटांनी चाचपत शिवली, हिरव्या चोळीचा खण आणून ठेवला.

आता फाटकाची रीत सांगितली पाहिजे. फाटकवाल्याला आपलं आपण उठून जाता येत नाही. बदली माणूस यावा लागतो, तो फाटक ताब्यात घेतो, मग पहिला मोकळा. या पट्ट्यातल्या साऱ्या फाटकांना मिळून बदली माणूस एकच, चांदभाई. कुणी आजारी पडो, कुणाची म्हातारी मरो, चांदभाई पाहिजे. पौषात सोपानरावांची रजा मंजूर झाली, त्याच दिवशी तळेगावकडच्या फाटकवाल्याला विंचू चावला, चांदभाई तिकडं गेले. पुन्हा अर्ज. पुन्हा मंजूर. तर घाटाखालच्या एका फाटकवाल्याच्या घरी मयत. सोपानराव कुणावर चिडणार? विंचवावर की मेलेल्यावर?

माघ लागला. गोजाबाईची झोप उडाली. तिची आपली एकच भीती. कल्याणच्या त्या एका खोलीत बाळंतपण होणार नाही, आणि विहीणबाई सावित्रीबाई पोरीला उचलून कुर्डुवाडीला नेणार. तिथं रंभाची चुलतजाऊ बाळंतपणातच गेली होती. हे दोघंही तोंडानं बोलत नसत.

शेवटी माघातल्या प्रतिपदेला सकाळी आठ वाजता चांदभाई वळकटी घेऊन फाटकावर हजर! सोपानरावांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, डोक्याला पटका, हातात तांब्या. गोजाबाईनं कपाळाला बुक्का लावला. नऊची गाडी चिंचवडला धरायची, चालत गेलं तर आरामात मिळत होती.

"कागद द्या," सोपानराव म्हणाले.

"कसला कागद?"

"चार्जाचा. सायबाच्या सहीचा."

"अहो, मुकादमानं तोंडी सांगितलंय. कागद मागनं येतोय. जावा तुम्ही, मी हाय की."

सोपानरावांनी तांब्या खाली ठेवला. म्हणाले, "कागदाबिगर फाटक कसं देऊ, चांदभाई?"

चांदभाईंना आधी वाटलं, गंमत करतोय हा गडी. मग त्यांनी समजावलं, मग रागावले, मग हात जोडले. "काय राव! पोरीला आणायला निघालाय तुम्ही. या अल्लाच्या बंद्यावर इश्वास न्हाई व्हय तुमचा?"

"तुमच्यावर हाय. पर तुमच्यावर इश्वास ठिवायचा का न्हाई, ह्ये सायेब ठरवणार."

याला काय म्हणावं? पण माणसाचं ऐकून तरी घ्या. सोपानराव नवे नवे नोकरीला लागले तेव्हा दुसऱ्या एका फाटकावर असंच तोंडी देणंघेणं झालं होतं. बैलगाडी गाडीखाली आली. जुना म्हणाला मी सोडलं होतं, नवा म्हणाला मी घेतलंच नव्हतं. तेव्हा रुळांवर पसरलेला भुसा, त्यातले बैल आणि माणूस वेचणाऱ्यांत सोपानराव होते. त्या दिवसापासून कागदाशिवाय हा माणूस फाटक सोडत नव्हता. देव जरी येऊन म्हणाला असता तरी त्यांनी देवाला सही विचारली असती.

"आरं देवा," गोजाबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "जावा की वो! तीस वर्सं मी बी बघतीया, मी हाय, ह्ये भाऊ हायती!"

सोपानराव जागचे हलले नाहीत. नऊची गाडी समोरून गेली, तिला त्यांनी हिरवं निशाण दाखवलं, डोक्याला पटका तसाच. त्यांचं म्हणणं, कागद येईल, अकराची धरू. अकराची गेली. दुपारी दोन वाजता मुकादमाचा माणूस सायकलवर धापा टाकत आला, पण तो कागद घेऊन नव्हे. खडकीकडच्या फाटकावरचा गडी तापानं पडला होता. चांदभाईंना ताबडतोब तिकडं बोलावलं होतं. चांदभाई वळकटी उचलून, मान खाली घालून गेले. चार वाजता सहीचा कागद आला.

तो कागद सोपानराव किती तरी वेळ हातात धरून बसले होते. वाचता येत नव्हतं त्यांना. सही तेवढी ओळखीची होती.

त्या रात्री गोजाबाई म्हणाली, "मीच जाते." पण तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. समोरचा माणूस आवाजावरून ओळखायची ती. तिला एकटीला कल्याणच्या गर्दीत सोडायची कशी? सोपानरावांनी शाळेच्या मास्तरांकडून कार्ड लिहून घेतलं, "पंचमीच्या आत येतो, पोरीला हलवू नये." आणि मुकादमाच्या घरापर्यंत जायलासुद्धा फाटक सुटत नव्हतं, म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती निरोप धाडत राहिले. निरोप गेले असतील. चांदभाई काही आले नाहीत.

चतुर्थीला, मंगळवारी, सकाळी साडेदहाला पोस्टमन आला. कार्ड ज्योतीरामचं होतं. पोस्टमननंच फाटकात उभं राहून वाचलं. "आपली वाट फार पाहिली. पंचमीनंतर आठवा लागतो म्हणून आईने ठरविले आहे की मंगळवारी सकाळच्या सोलापूरच्या गाडीने रंभास कुर्डुवाडीस न्यावे. गाडी आपल्या फाटकावर थांबत नाही. रंभा फाटकाच्या बाजूच्या खिडकीत बसेल. तिने फार सांगितले आहे म्हणून कळवितो."

सोलापूरची गाडी फाटकावर यायला पाऊण तास उरला होता. तेवढ्यात पुण्याला जाऊन स्टेशनवर गाठायचं म्हटलं तरी मधे कुठली लोकल नव्हती. सोपानरावांना सारं वेळापत्रक पाठ होतं, त्यामुळं आशा धरायलाही जागा नव्हती.

गोजाबाई घरात धावली. डिंकाच्या लाडवांचं फडकं, हिरवा खण, जे हाती लागेल ते घेऊन बाहेर आली. मग तिच्या ध्यानात आलं की पळत्या गाडीत हे देणार कुणाला. ती नवऱ्याजवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "लाल दावा."

सोपानराव हिरव्या निशाणाची गुंडाळी सोडायला लागले.

"एकच मिनिट, वो. एकच मिनिट थांबवा. मी तिला उतरवून घेती. मी पाया पडती इहीणबाईंच्या. पुना आयुष्यात काय मागायची न्हाई."

लाल बावटा त्यांच्या काखेतच होता. सोपानरावांनी काख आणखी आवळली. "लाल दावली तर पाठीमागची गाडी बी थांबती, तिच्या पाठीमागची बी... कशापायी थांबवली म्हून इचारत्याल," एवढंच ते बोलले. गोजाबाईला त्यातलं एक अक्षर पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर बोलणाऱ्यालाही पटत नव्हतं. पण हात काही उठेना.

फाटक लागलं. पलीकडं उसाची एक बैलगाडी येऊन थांबली. तळेगावच्या अंगाला रूळ गुणगुणायला लागले, मग इंजिनाचा भोंगा झाला. सोपानराव फाटकाच्या खांबाशी उभे राहिले आणि त्यांनी हिरवं निशाण पुढं धरलं. गोजाबाई दहा पावलं पुढं जाऊन उभी राहिली, खण उंच धरून, म्हणजे पोरीला तरी दिसावं.

गाडी आली. आता गाडी जाताना फाटकवाल्यानं उगीच बघत उभं राहायचं नसतं. त्यानं चाकं बघायची असतात. कुठल्या डब्याखालून धूर निघतोय का, काही लोंबतंय का, कुठं ठिणगी उडतेय का, शेवटचा डबा जागेवर आहे का. इंजिन पुढून गेलं तसे तीस वर्षांच्या सवयीनं सोपानरावांचे डोळे खाली गेले. एक डबा, दुसरा, तिसरा. कुणीतरी जिवाच्या आकांतानं ओरडलं, "आबाऽऽ!" त्यांनी दचकून मान वर केली तेव्हा समोर शेवटचा डबा होता, आणि त्याच्या दारात गार्ड उभा होता.

धुरळा खाली बसला. उसाची गाडी खोळंबली होती, गाडीवान ओरडत होता, म्हणून सोपानरावांनी फाटक उघडलं. बैल रूळ ओलांडून गेले. गोजाबाई चाचपडत परत आली. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता, अगदी वेड्यासारखा आनंद.

"हात दिसला मला! हिरव्या बांगड्यांचा हात दिसला, भाईर काढला हुता. तोंड काय दिसलं न्हाई मेल्या डोळ्यांना. तुमी तर पार रुळाशीच हुता. कशी हाय वो? तोंड सुजलं न्हाई न्हवं? सातव्या-आठव्यात तोंड सुजलं की वाईट असतं. सांगा की, पोट कसं हाय? रडत हुती का हसत हुती?"

सोपानराव निशाण गुंडाळत होते. ते गुंडाळून झालं तरी त्यांचे हात गुंडाळतच राहिले.

"अवं, सांगा की!"

"चाकं समदी ठीक हुती," सोपानराव म्हणाले. "कुठं धूर न्हवता."

गोजाबाई त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिला समजलं, आणि ती हातातल्या हिरव्या खणाची घडी घालायला लागली.