मेंढीला झालेलं करडू

शाळेतून निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने मी घरात नुसता चुका काढत हिंडत होतो. वाण्याची यादी, लग्नपत्रिका, सोसायटीच्या फलकावरची सूचना, जे हाती लागेल त्यातलं शुद्धलेखन लाल पेनाने दुरुस्त करायचो. बायकोने काही दिवस सोसलं. मग तिच्या भजनी मंडळातल्या मैत्रिणीच्या मुलाशी ती परस्पर बोलली. हा मुलगा सोलापुरात एक साप्ताहिक काढतो. त्याचा फोन आला, "सर, दर रविवारी एक शब्दकोडं द्याल का?"

मी तीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस. 'आईची बहीण, दोन अक्षरी' असली कोडी मला कमीपणाची वाटली. मी त्याला म्हटलं, "द्यायचं तर गूढ शब्दकोडं देईन. वाचकांना जरा डोकं लावू दे." त्याने बहुतेक 'गूढ' हा शब्द नीट ऐकला नसावा, कारण तो लगेच हो म्हणाला.

पहिल्याच कोड्यात मी एक शोधसूत्र दिलं होतं: 'आमचा दरवाजा उघडला की आत सोलापूरची ओळख. अक्षरं तीन.' आठवडाभर मी स्वतःवर खूश होतो. अठरा जणांनी उत्तरं पाठवली आणि अठराही जणांनी त्या जागी 'चटणी' लिहिलं होतं.

संपादक म्हणाला, "सर, चटणी काय वाईट आहे? तीन अक्षरं आहेत, सोलापूरची ओळखही आहे."

"अरे, पण दरवाजा कुठे गेला? 'आमचा दरवाजा' लिही. आता मधली अक्षरं बघ. चा, द, र. चादर!"

त्याने ते लिहून पाहिलं आणि तो म्हणाला, "हे तुम्ही छापायलाच पाहिजे. नाहीतर लोक मला मारतील."

अशा रीतीने पुढच्या अंकापासून मागच्या कोड्याची उकल छापायचं ठरलं. त्याने उकलीखाली मला न विचारता माझा फोन नंबरही टाकला, 'शंका असल्यास सरांना विचारा' असं लिहून. हे मला अंक छापून आल्यावर कळलं.

दोन-तीन आठवडे फोन आले ते बहुतेक माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचे. त्यांना शंका नव्हत्या, मी जिवंत आहे का एवढंच बघायचं होतं. मग एका सोमवारी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे एक बाई होत्या आणि त्यांच्या मागे शेळ्यामेंढ्यांचा मोठा कालवा चालला होता.

"कोडंवाले सर का?"

"हो, बोला."

"सर, तुमी मेंढी बघितलीया का कदी?"

मला वाटलं, कुणीतरी थट्टा करतंय. पण त्यांनी ओळख सांगितली. मंगळवेढ्याच्या पुढच्या एका गावातल्या. घरची थोडी ज्वारी, बाकी शेरडं-मेंढरं. एसटीने येणारं साप्ताहिक त्यांच्या गावात दुपारपर्यंत पोचतं आणि पहिल्या अंकापासून त्या माझं कोडं सोडवत होत्या. 'चादर' त्यांनीही चुकवली होती, पण उकल वाचल्यावर खूण कळली म्हणाल्या. आता भांडण वेगळं होतं.

कालच्या कोड्यात माझं सूत्र होतं: 'क म्हणताच रडू! मेंढीचं पिल्लू ते. अक्षरं तीन.'

"आमी कोकरू लिवलं," त्या म्हणाल्या. "मग त्याच्यावरनं खाली जाणारा शब्द येईना. त्यो आमच्या भाकरीचा. इकडनं वाचा, तिकडनं वाचा, तसाच. 'कडक' असणार हे कळतंय, पण पयलं अक्षर 'को' पडलंय. कोडक भाकरी मी जल्मात थापली न्हाय."

मी माझ्या वर्गातल्या आवाजात समजावलं, "ताई, तुम्ही 'रडू' लक्षात घेतलं नाहीत. आधी क, मग रडू. करडू."

"रडू मलाच आलंय की सर. करडू शेळीचं असतंय. मेंढीचं कोकरू. मेंढीला करडू झालं तर गावभर बोभाटा हुईल!"

मी "बघून सांगतो" म्हणून फोन ठेवला. शब्दकोश काढले. पहिल्यात शेळी. दुसऱ्यात शेळी. तिसरा काढायला स्टुलावर चढत होतो तेव्हा बायको म्हणाली, "पाचवीच्या मुलांकडून प्राण्यांची पिल्लं तुम्हीच घोकून घ्यायचात ना?"

"हो."

"बरं झालं, पोरं लक्ष देत नव्हती."

पुढच्या रविवारी उकलीच्या आधी चौकटीत माझी दिलगिरी छापून आली. संपादकाने मथळा दिला, 'मेंढीला करडू होत नाही.' त्या आठवड्यात अंकाबद्दल जेवढी चर्चा झाली तेवढी त्याआधी कधी झाली नव्हती, असं तो आनंदाने सांगत होता. मी भाजी आणायला गेलो तर आमच्या भाजीवालीनेही विचारलं, "काय सर, मेंढरं काय म्हणत्यात?"

त्यानंतर ताईंचा फोन दर सोमवारी येऊ लागला. त्या दहावीपर्यंत शिकलेल्या. मराठीत वर्गात पहिल्या असायच्या. पुढे लग्न झालं आणि वाचायला मिळेल ते वाचायचं, एवढंच उरलं. "मेंढरं चरत्यात तवर मी बांधावर बसून शब्द चारती," असं एकदा सहज बोलून गेल्या. मला हे वाक्य इतकं आवडलं की मी लिहून ठेवलं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

एक दिवस त्यांनी विचारलं, "सर, मी एक केलंय. सांगू का?" आणि सांगितलं, "दोन शिंगं हायत, पण मारत न्हाय. पोटात चारा न्हाय, तरी गावाला नेतंय."

"सायकल," मी म्हटलं. "पण ताई, हे उमाणं झालं, लहान मुलांना घालतात तसलं. ह्यात उत्तराकडे जायला एकच वाट आहे, अर्थाची. गूढ कोड्यात दोन लागतात. एक अर्थाची आणि दुसरी अक्षरांची. अक्षरं लपवायची, उलटवायची, जागा बदलायच्या. आणि दोन्ही वाटांनी गेलं तरी शब्द तोच यायला पाहिजे."

"म्हंजे मंगळवेढ्याला मोठ्या रस्त्यानं जा न्हायतर बांधावरनं जा, स्टँड एकच."

हीच गोष्ट समजवायला मी अंकात पाऊण पान खर्च केलं होतं.

पुढच्या सोमवारी त्यांचा व्हॉट्सॲपवर आवाज आला: "सर, घ्या. 'मालक फिरले आणि हद्द झाली.' अक्षरं तीन. उत्तर मी सांगणार न्हाय."

मी हसलो. नवशिक्याचं सूत्र, चहा होईपर्यंत सुटेल असं वाटलं. मालक म्हणजे धनी. धनी म्हणजे स्वामी. फिरले म्हणजे उलटले असणार. मालक उलटवला तर कलमा. शब्द झाला, पण हद्दीशी त्याचा काय संबंध? हद्द म्हणजे सीमा, वेस, शीव, मर्यादा. कुणी दोन अक्षरी, कुणी तीन, पण मालकाशी कुणाचंच जमेना. चहा झाला. जेवण झालं. मंगळवार गेला. बुधवारी ताईंचा निरोप आला, "सर, सुटलं का?" मी उत्तर दिलं, "वेळच मिळाला नाही." खरं तर मी दुसरं काहीच करत नव्हतो.

गुरुवारी सकाळी मी गच्चीच्या पायरीवर कागद घेऊन बसलेला. बायको दळणाचा डबा घेऊन समोर उभी राहिली.

"अहो, सोमवारपासून सांगतेय गिरणीत जाऊन या. पीठ संपलं. कमाल आहे तुमची!"

मी तिच्याकडे बघतच राहिलो. हद्द झाली म्हणजे कमाल झाली. मा, ल, क. शेवटचा क फिरून पुढे आला. क, मा, ल.

"सुटलं!" मी ओरडलो.

"काय सुटलं? डबा धरा."

तिकडच्या बायका नवऱ्याला मालक म्हणतात, हे तर मला लहानपणापासून माहीत. म्हणजे वरवर वाचलं तर ते एका बाईचं साधं गाऱ्हाणंच होतं, नवरा फिरला आणि हद्द झाली. आणि त्या गाऱ्हाण्याच्या पोटात उत्तर. एवढं गुळगुळीत सूत्र मला सहा महिन्यांत एकदाही जमलं नव्हतं. बायको मात्र आजतागायत सांगते की तिला उत्तर आधीच माहीत होतं आणि तिने ते मुद्दाम, माझा मान राखून सांगितलं.

मी संपादकाला म्हटलं, हे सूत्र ताईंच्या नावाने छाप. त्याने छापलं. पुढच्या मंगळवारी एक भारदस्त आवाजाचा फोन आला.

"सर, मी मालक बोलतोय."

"कोणते मालक?"

"फिरल्याले."

मला खुर्ची ओढून बसावं लागलं.

"गाव इचारतंय सर, मालक फिरले म्हंजे कुटं फिरले? मी कुटं बी फिरलो न्हाय. बाजाराला गेलतो, संध्याकाळच्या आत मागारी आलो. तेवढं छापा की."

मी शब्द दिला. पुढच्या उकलीखाली बारीक अक्षरात आलं: 'सूत्रातील मालकांचा कोणत्याही प्रत्यक्ष मालकांशी संबंध नाही.' दुपारीच पुन्हा फोन.

"सर, संबंध न्हाय असं कसं काय छापलं? मालक मीच हाय की!"

मागून ताईंचं हसणं ऐकू येत होतं. त्यांना मी तेव्हाच विचारलं की एकाआड एक रविवारी कोडं तुम्ही द्याल का. त्यांनी आधी मालकांना मेंढरांकडे पिटाळलं. मग म्हणाल्या, "चुकलं तर लाल पेन मारायचं न्हाय."

मी कबूल केलं.

आता वर्ष होत आलं. त्यांच्या कोड्यांत माझ्यासारखी शब्दकोशातली धूळ नसते. औत असतं, बाजार असतो, सासूचा टोमणा असतो, आणि हे सगळं उलटंपालटं करून त्यात उत्तर लपवलेलं असतं. वाचकांची उत्तरं माझ्या रविवारपेक्षा त्यांच्या रविवारी जास्त येतात, हे संपादक मला दर वेळी न चुकता सांगतो. ताईंच्या परवाच्या कोड्यात माझी उभी दोन घरं अजून रिकामी आहेत. त्यांना विचारायला लाज वाटते. बायकोने तेच कोडं रविवारी दुपारीच पूर्ण केलं आणि आपला अंक घडी घालून धान्याच्या डब्याखाली ठेवला आहे. मी दोनदा स्वयंपाकघरात जाऊन आलो. दोन्ही वेळा ती तिथेच होती.