गफूरभाईंनी टिपलेला गावनकाशा

कर्जतच्या बाजारात गफूरभाईंचा फोटो स्टुडिओ भरदुपारी बंद दिसला, तेव्हाच मनात पाल चुकचुकली. "भाई गेले," शेजारचा कापडवाला म्हणाला... महिना उलटला, अजून मन थाऱ्यावर नाही. लग्नाचे नि शाळेचे फोटो काढून पोट भरणारा हा माणूस सुट्टी आली की मला, भूगोलाच्या मास्तराला, सायकलवर घालून खेडोपाडी न्यायचा. माळ्यांवर, देवळांतल्या पेट्यांत पडलेले जुने गावनकाशे वाळवीनं खाण्याआधी त्यांचे फोटो काढून ठेवायचे, हे त्यांचं वेड. "माणसांचे फोटो पोरं जपतील मास्तर, गावाचा कोण जपणार?"

कळंबजवळच्या एका गावात हे वेड अंगाशी आलं. तिथला नकाशा कापडावर काजळाच्या शाईनं काढलेला; दसऱ्याला गाव त्याची पूजा करायचं. तळ्याकडची बाजू पार पुसट झाली होती. ओला कापूस हलक्या हातानं फिरवला की अक्षर क्षणभर उठून दिसतं, असा गफूरभाईंचा अनुभव. कापूस फिरला, तळं, देऊळ, बांध सगळं लख्ख वर आलं, फोटोही निघाला... आणि पाहता पाहता शाई पसरून तिथं नुसता करडा डाग उरला. नकाशा सांभाळणारे गावचे दादू पाटील ओरडले. "धुतलास रं भाई, आमचा गाव धुतलास!"

गफूरभाईंनी तो फोटो मोठा करून, काचेत बसवून नेला. पाटलांनी हात लावला नाही. "फोटू तुझा. आमचा नकाशा व्हता." पुढं दर दसऱ्याला गफूरभाई ती तसबीर घेऊन जात आणि तशीच परत आणत. नकाशाला पाणी त्यांनी पुन्हा कधी लावलं नाही. नंतरचे फोटो इतके अंधुक, की मी चिडवायचो, "भाई, हा नकाशा की माथेरानचं धुकं?" ते हसत नसत.

परवा मी गफूरभाईंच्या घरी, त्यांच्या बायकोपाशी, झुबेदाभाभींपाशी बसलो असताना दादू पाटील आले. तसबीर मागितली.

"तो व्हता तवर नेली असती तर त्याला माफ केल्यावानी झालं असतं," पाटील म्हणाले. "माफ नाय केलं मास्तर. पन तळं कुठवर व्हतं, ते पोरांना दाखवाया दुसरं काय हाय आमच्याकडं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढंच महिनाभर आधी येऊन बोलला असता तर...

भाभींनी मला हातानं थोपवलं. "नेऊ द्या मास्तर. दसरा आला की ते रोज काच पुसायचे. औंदा नेतील, म्हणायचे." आणि पदरानं काच पुसून त्यांनी तसबीर पाटलांच्या हातात दिली.