पहिला ट्रंपेट

गिरीज गावच्या गॉडफ्रे तुस्कानोला दोनच गोष्टी धड येत: केळी पिकवणं आणि ट्रंपेट वाजवणं. लग्न असो की मयत, बेसिल मास्तरांच्या बँडमध्ये पहिला ट्रंपेट त्याचाच. मास्तर म्हणजे नुसती आग! सरावात कुणाचा एक सूर फुटला की अख्खा बँड थांबवायचे, आणि तो तिथूनच पुढे वाजवायला गेला की ओरडायचे, "मधूनच कुठे निघालास? पहिल्यापासून!"

आणि नेमके गॉडफ्रेचेच सूर फुटायला लागले. वरचा सूर धरायला जावं, तर नुसती हवा. त्याने माउथपीस बदलून पाहिलं, ट्रंपेट दुरुस्तीला टाकला. आपले ओठच जाड झालेत हे काही त्याच्या ध्यानात येईना. लग्नातली अंगठी बोटात रुतून बसली, चपला लहान पडल्या. बायको सालोमी म्हणायची, "खा अजून!" मास्तरांना वाटलं, गडी प्यायला लागला. त्यांनी सगळ्यांदेखत त्याला मागच्या रांगेत उभं केलं. गॉडफ्रे त्या रात्री जेवला नाही.

मग बाजूचं दिसेनासं झालं. वाजवत चालताना एकदा तो शेजारच्या ढोलावरच जाऊन आदळला. सालोमीने त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं आणि तिथून त्यांना माणिकपूरला मेंदूच्या सर्जन वसुंधरा केळुसकरांकडे धाडलं. बाई आधी त्याच्या पंजांकडेच बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "लग्नाचा फोटो आहे का?" सालोमीने मोबाइलमध्ये शोधून दिला. बाईंनी तो गॉडफ्रेच्या चेहऱ्याशेजारी धरला आणि सालोमी एकदा फोटोकडे, एकदा नवऱ्याकडे बघू लागली. नाक, जबडा, ओठ, काही म्हणता काही तेच नव्हतं. आता रोज समोर बसून जेवणाऱ्या बायकोला हे दिसू नये? अहो, रोज बघत होती म्हणूनच दिसलं नाही!

मेंदूच्या तळाशी गाठ होती. कॅन्सर नव्हता, पण तिच्यामुळेच अंग वाढत होतं आणि नजर जात होती. नाकावाटे दुर्बीण घालून ती काढायची ठरली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बेसिल मास्तर काठी टेकत इस्पितळात आले. "मी गाढव," ते म्हणाले. "मला वाटलं दारू. ऐक, माझ्या मातीला पहिला ट्रंपेट तूच वाजवायचा."

"आधी माझंच काय होतंय ते तर बघा," गॉडफ्रे म्हणाला, आणि दोघंही हसले.

ऑपरेशन छान झालं. नजर परत आली, हळूहळू अंगठीही सैल झाली. पण केळुसकरबाईंनी बजावलं, "नाक आणि मेंदूच्या मधे मांडीची चरबी बसवून बूच लावलंय. नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, आणि ट्रंपेट अजिबात फुंकायचा नाही. बूच निघालं तर मेंदूतलं पाणी नाकातून गळेल. जिवावर बेतेल."

"मग कधी फुंकायचा?"

"खरं सांगू? मलाही माहीत नाही. ट्रंपेटवाला पेशंट पहिलाच."

आणि नेमके तेव्हाच मास्तर गेले. घ्या!

गॉडफ्रेने युनिफॉर्म चढवला, ट्रंपेट काढला. सालोमी दार अडवून उभी राहिली. "फुंकलास तर मला पुन्हा तोंड दाखवू नकोस." तो म्हणाला, "नाही फुंकणार. पण उभा तर राहू दे." दफनभूमीत बँडने मास्तरांचं आवडतं गीत वाजवलं. पहिल्या ट्रंपेटची जागा पोरांनी दुसऱ्या कुणालाच दिली नव्हती. गॉडफ्रे ट्रंपेट ओठांपासून दूर धरून नुसती बटणं दाबत राहिला. त्याचा सूर कुठेच नव्हता आणि तो सगळ्यांना ऐकू येत होता. गॉडफ्रे ढसाढसा रडला. बिचाऱ्याला नाकसुद्धा शिंकरता येईना.

पुढे तपासण्या चांगल्या आल्या तशा बाई म्हणाल्या, "ट्रंपेट इथे घेऊन या. जे व्हायचं ते माझ्यासमोर होऊ दे."

दवाखान्यात त्यांनी स्वतः त्याच्या नाकाखाली पांढरा टिश्यू धरला. "एकच सूर. हळू." गॉडफ्रेने फुंकलं. फर्र! ओठ आता पुन्हा पातळ झालेले, त्यांना काही आठवेना. त्याने पुन्हा फुंकलं. या वेळी सूर निघाला आणि बाहेर बसलेल्या पेशंटांनी दाराकडे माना वळवल्या. बाईंनी टिश्यू उजेडात धरून उलटसुलट पाहिला. कोरडा होता. त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "बापरे, मीच किती घाबरले होते! आता रोज थोडं थोडं वाजवा. पाणी गळल्यासारखं वाटलं तर थांबायचं आणि मला फोन करायचा."

महिनाभराने एका सकाळी गॉडफ्रे आणि सालोमी दफनभूमीत गेले. मास्तरांच्या कबरीवर कुणीतरी ताजी फुलं ठेवली होती. गॉडफ्रेने गीत धरलं. मध्यावर वरचा सूर फुटला.

"असू दे रे," सालोमी म्हणाली. "इथे ऐकायला कोण आहे?"

गॉडफ्रेने कबरीकडे पाहिलं, माउथपीस बाहीला पुसलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.